गिरणीवाल्याच्या अंगावरचा कोट

मापसाहेबांच्या मते गावात माणसं दोनच प्रकारची होती, कमी भरणारी आणि अगदीच कमी भरणारी. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. दुकानात पाऊल टाकताच पारडं कुठं झुकतंय ते नुसत्या नजरेनं ओळखायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून माणसं तपासायला लागले. डॉक्टर अर्धवट, वकील लबाड, पोटचा मुलगा शेळपट. सून जरा बरी, पण तिला घोटभर चहा कपात मावेल तेवढाच ओतता येत नाही, बशीत सांडतोच. आणि भिंतीपलीकडचा गिरणीवाला? तो तर त्यांच्या लेखी पारड्यात घालायच्याही लायकीचा नव्हता.

तर हा गिरणीवाला मेला.

दोन्ही घरांत भिंत एकच. पलीकडे गिरणीचा पट्टा फिरायला लागला की अलीकडे मापसाहेबांच्या फळीवरचे कप नाचायचे, आणि दोरीवरच्या काळ्या पँटी दुपारपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. त्या भिंतीवर गिरणीवाल्यानं साधा खिळा ठोकला तरी मापसाहेब दारात हजर. भिंत सामाईक आहे, धर्मशाळा नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असंच एकदा तोंडाला तोंड लागलं. गिरणीवाला चिडून आत गेला आणि दार लावायला लागला, त्याला अडवायला मापसाहेबांनी चौकटीत हात घातला, आणि दार आपटलं. उजव्या हाताची करंगळी मोडली. हाड बसलं, पण वाकडं बसलं.

त्या दिवसापासून बोलणं बंद. पण करंगळी बोलायला लागली. घरी कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी करंगळी पुढं यायची. "बघा, हे त्या पिठ्याचं काम!" पाहुणा च्च च्च करायचा आणि चहाकडे बघायचा. निवृत्तीच्या वेळी मापसाहेबांनी खास कोट शिवला आणि फोटो काढून घेतला, खुर्चीत बसून, काठीच्या मुठीवर उजवा हात ठेवून. फोटोवाला म्हणाला, "साहेब, बोट जरा आत घ्या, वाकडं दिसतंय." मापसाहेब म्हणाले, "पुरावा आहे तो. दिसू दे." फोटो असा झकास उतरला की फोटोवाल्यानं एक प्रत आपल्या काचेच्या कपाटात लावली. दुसरी घरी आली. भिंतींना रंग काढला तेव्हा ती खाली उतरवली होती, ती अजून कपाटामागेच होती. पुन्हा टांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आपला फोटो टांगा असं स्वतःच्या तोंडानं सांगणं मापसाहेबांच्या मापात बसत नव्हतं.

गिरणीवाला गेल्यावर मुलगा आणि सून शेजारी भेटून आले. सून म्हणाली, "फोटो काय छान लावलाय हो त्यांनी! मी तर ओळखलंच नाही. अगदी साहेब वाटतात."

"पिठाचा साहेब," मापसाहेब म्हणाले.

पण न जाऊन भागणार नव्हतं. गाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मेलेल्याशीही वैर धरतो म्हणतील. म्हणून एका सकाळी चेहऱ्यावर जरुरीपुरतं दुःख आणून मापसाहेब शेजारच्या घरात शिरले. गिरणीवाल्याचा थोरला मुलगा पुढं आला.

"या काका, बसा. अण्णांचा फोटो बघितलात का? मुद्दाम मोठा करून घेतला. खर्चाचं म्हटलं बघू नका, पण अण्णांचा रुबाब दिसला पाहिजे."

या पोरानं बापाला जन्मभर पिठात लोळवलं, गिरणीत एक दिवस हात लावला नाही, आणि आता याला रुबाब आठवला. मापसाहेबांनी तुच्छतेनं मान वर केली, आणि ती तशीच राहिली.

अंधाऱ्या कोपऱ्यात, आतल्या दाराच्या वर, गिरणीवाला कोट घालून बसला होता. तोंड त्याचंच, ते फताडं नाक, त्या जाड भुवया. पण कोट? कॉलरची ती कड, वरच्या बटणाशेजारची ती बारीक सुरकुती, काठीची ती मूठ. आणि मुठीवर हात. आणि हाताला करंगळी, बाहेरच्या बाजूला वाकलेली.

मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं बोट मोडलं, त्याच्याच हाताला ते बोट! आजूबाजूला चार माणसं बसली होती, सगळी फोटोकडे बघून माना डोलावत होती. एकालाही काही दिसत नव्हतं. मापसाहेबांनी घाईघाईनं आपला उजवा हात खिशात घातला. चोरी दुसऱ्याची आणि लपायची पाळी यांच्यावर. थोरल्याला काहीतरी पुटपुटून ते उठले ते थेट फोटोवाल्याच्या दुकानात.

फोटोवाला मोठा गोडबोल्या. न रागावता सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, खोटं कशाला बोलू? कोट तुमचाच आहे. पण गावात कोट आहे कोणाकडे? लोक येतात, हातात बापाचा फोटो, तोही रेशनकार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नात जेवताना काढलेला. म्हणतात, जरा चांगला करून द्या. मग मी काय करणार? तुमच्या धडासारखं धड गावात दुसरं नाही."

"म्हणजे याच्या आधीही?"

"पुष्कळ. कुलूपवाला, बँकेतले रोखपाल, त्या दोघी बहिणींचे वडील. पण ते सगळे छातीपर्यंत. गिरणीवाल्याचा थोरला म्हणाला मोठा पाहिजे, म्हणून हात आला. एरवी तुमचं बोट मी कुणाला दिलं नाही हो."

म्हणजे अर्धा गाव मेल्यावर मापसाहेबांच्या कोटात बसला होता. जिवंतपणी ज्यांना दारात उभं केलं नाही, ते गळ्यापर्यंत आत शिरले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण खरी भीती पुढंच होती, आणि ती फोटोवाल्यानं अगदी प्रेमानं बोलून दाखवली.

"तुमची काळजी नाही साहेब. तुमचा फोटो तर तयारच आहे. वेळ आली की घरच्यांनी फक्त सांगायचं."

वेळ आली की! म्हणजे उद्या मापसाहेब मेले, त्यांचा खरा, अस्सल, पैन् पै मोजून शिवलेल्या कोटातला फोटो लागला, की भेटायला येणारं प्रत्येक गाढव म्हणणार, अरे, अगदी गिरणीवाल्यासारखाच काढलाय! बोटसुद्धा तसंच! जन्मभर वेगळे राहिलो, मेल्यावर त्या पिठ्याची नक्कल ठरणार. मापसाहेबांना दुकानातच घाम फुटला.

"तो फोटो उतरला पाहिजे," ते म्हणाले.

"घरच्यांनी आणून दिला तर छातीपर्यंत कापून देतो. पण मी कसं सांगू त्यांना? तुम्हीच बोला."

घरी आल्यावर मापसाहेबांनी मुलाला समोर बसवलं. "शेजारच्या फोटोत तुला काय दिसलं?"

"कोट," मुलगा म्हणाला.

"आणखी?"

"काठी होती वाटतं. का?"

मापसाहेबांनी करंगळी त्याच्या नाकासमोर धरली. मुलगा म्हणाला, "दुखतंय का बाबा? मलम देऊ?" आणि सून बशीत चहा सांडून गेली. ज्या बोटाचं कीर्तन या घरानं हजार वेळा ऐकलं, ते बोट यांना दुसऱ्याच्या भिंतीवर ओळखू आलं नव्हतं. मापसाहेबांना राग यायला हवा होता. त्याऐवजी एकदम एकटं वाटलं, आणि त्याचा त्यांना जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी थोरला बाहेर गेलेला बघून ते पुन्हा शेजारी गेले. गिरणीवाल्याची बायको एकटीच फोटोखाली बसून सूप झाडत होती.

"वहिनी," मापसाहेब म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी हाक मारताना त्यांचा आवाज जरा घसरला. "तो फोटो..."

"तुमचा कोट आहे भाऊजी. माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"करंगळी ओळखणार नाही का मी? दार आपटून हे आत बसले, तेव्हा फडकं ओलं करून मीच बांधली होती. तुम्ही कळवळत होतात आणि तशातही मला विचारलंत, फडकं स्वच्छ आहे ना?"

मापसाहेबांना ते आठवलं. फडकं स्वच्छ होतं. पाहुण्यांना सांगताना त्यांनी त्या फडक्याचा उल्लेख कधी केला नव्हता.

"मग मुलांना सांगितलं नाहीत ते?"

"त्यांना काय सांगायचं? बापाचे हात कधी बघितलेत त्यांनी? मी फोटो बघितला आणि म्हटलं, राहू दे. सारखी मागं लागायची मी यांच्या, जा, चूक झाली म्हणा. तर म्हणायचे, त्यानं हात घातलाच का? मरेस्तोवर म्हटले नाहीत. आता म्हटलं बसा. तुम्ही मोडलेलं बोट, तुमच्याच हाताला. बघत बसा म्हटलं जन्मभर." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती थोडी हसली. "जन्म कुठला आता!"

"पण कोट माझा आहे," मापसाहेब म्हणाले. ते त्यांना वाटलं होतं तेवढ्या जोरात निघालं नाही.

"कोटाचं काय सांगू भाऊजी! हे पट्टा आणायला बाजारात गेले की त्या फोटोवाल्याच्या काचेपुढं उभे राहायचे. तुमचा फोटो बघत. घरी येऊन म्हणायचे, माणूस हलकट आहे, पण काय कोट शिवलाय! बसलाय कसा बघ, सरळ! एकदा म्हणाले, आपणही शिवू या एक. मी हसले. म्हटलं, गिरणीत घालणार का? मग परत कधी नाव काढलं नाही." तिनं सूप खाली ठेवलं. "हसायला नको होतं मी."

मापसाहेब फोटोकडे बघत उभे राहिले. आपल्या घरात तो कोट कपाटामागं धूळ खात होता. स्वतःच्या माणसांपैकी कुणी त्याच्यापुढं कधी थांबलं नव्हतं. थांबला होता तो हा, फताड्या नाकाचा, पिठानं भरलेला, चुकूनही माफी न मागणारा. शिव्या देत थांबला होता, पण नीट बघून गेला होता. कोट सरळ बसलाय हे त्याला दिसलं होतं. मापसाहेबांना त्याचा अजूनही संताप येत होता, आणि तो नाही याचं पहिल्यांदाच वाईट वाटत होतं.

"उतरवून देऊ का?" तिनं विचारलं. "थोरल्याला सांगते मी काहीतरी."

"इथं अंधार आहे," मापसाहेब तुटकपणे म्हणाले. "करंगळी नीट दिसत नाही. त्या समोरच्या भिंतीवर लावा, खिडकीच्या उजेडात."

"त्या भिंतीवर? ती तर तुमच्या नि आमच्यातली. खिळा ठोकावा लागेल भाऊजी."

"मग ठोका. जाड ठोका, फोटो जड आहे. तुमचा थोरला बारीक ठोकेल आणि पाडेल."

संध्याकाळी भिंतीत ठणठण सुरू झाली. फळीवरचे कप नाचायला लागले. सून धावत बाहेर आली. "बाबा, ऐकताय ना? ते आपल्या भिंतीत खिळा ठोकतायत!"

मापसाहेबांनी बशीतला चहा कपात परत ओतला.

"ठोकू दे," ते म्हणाले. "माझाच फोटो लावतायत."