रविवारचा पाऊस

चौकशीने फूटपट्टी तक्त्यावर आडवी धरली आणि आठव्या स्तंभाच्या डोक्यावर बोट टेकवलं.

"बाई, हा आणि हा शेजारचा. दोघंच एवढे बुटके का?"

वर्गात हसू फुटलं. मुलीला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. पहिल्या इयत्तेपासून ती इतके प्रश्न विचारत आली होती की सातवीपर्यंत सगळी शाळा तिला चौकशीच म्हणू लागली होती.

"कमी पावसाची वर्षं होती ती," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना सांगितलं होतं की ते तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. "सगळी वर्षं सारखी नसतात. म्हणून तर मोजायचं."

तक्त्यावर वीस स्तंभ होते, वीस वर्षांच्या पावसाचे. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बाईंनीच बसवला होता. रोज सकाळी आठला दोन मुलं वर जायची, साठलेलं पाणी मोजपात्रात ओतून मिलिमीटर वाचायची आणि वहीत लिहायची. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. हवामान कार्यालयाने शाळेची ही नोंद मागवली होती आणि येत्या शुक्रवारी ती पाठवायची होती. वीस वर्षांत कुणी काही मागितलं होतं ते हेच. पाठवण्याआधी बेरजा पुन्हा तपासाव्यात म्हणून बाईंनी वह्या वर्गात वाटल्या होत्या.

मागच्या बाकावरून वकील उभा राहिला. हा मुलगा स्वतःच्या चुकीवरही उलटतपासणी घ्यायचा, म्हणून हे टोपणनाव.

"बाई, माझी तक्रार आहे. या वह्यांमध्ये रविवारी कधी पाऊसच पडत नाही. आणि सोमवारी दुप्पट पडतो. पावसालाही सुट्टी असते का?"

"रविवारची चौकट कशी आहे? शून्य लिहिलंय?"

"नाही. रिकामी आहे."

"मग शून्य आणि रिकामं, यात फरक काय?"

वकिलाने त्या चौकटीवर बोट ठेवलं. "शून्य म्हणजे कोणीतरी बघितलं आणि पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे कोणी बघितलंच नाही. रविवारी शाळा बंद! म्हणजे रविवारचं पाणी भांड्यातच राहतं आणि सोमवारी दोन दिवसांचं एकदम मोजलं जातं."

"शाबास. म्हणजे पाऊस कुठे गेला नाही. फक्त एक दिवस उशिरा लिहिला गेला."

एवढ्यात शाळेचे शिपाई तक्ता गुंडाळून पाठवण्यासाठी पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन आले. त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत. नळी टेबलावर ठेवून ते जायला वळले, तोच चौकशी म्हणाली,

"पण बाई, या दोन वह्यांमध्ये तसं नाहीये. आठव्या आणि नवव्या वर्षी रविवार रिकामाच आहे, पण सोमवार जाडा नाही. मंगळवारएवढाच आहे. मग रविवारचं पाणी गेलं कुठे?"

मामा दारातच थांबले. फळ्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसू लागले.

बाईंनी चौकशीच्या हातातून वही घेतली. दोन पानं उलटली, चार उलटली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एक सोमवार आठवतो," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या नवव्या वर्षीचा. शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला होता आणि सोमवारी बघते तर भांड्यात तळाला थोडंसं पाणी. रविवारी कुंपणावरून उड्या मारून मैदानात चेंडू खेळायला येणारी मुलं वर जाऊन भांडं उपडं करतात, असं मला वाटलं. मी त्याच दिवशी कुलूप आणून गच्चीच्या दाराला लावलं."

"आरोपी सापडले," वकील म्हणाला. "खटला संपला."

"कसला संपला?" चौकशी त्याच्याकडे वळली. "दोन वर्षं, दर रविवारी? परीक्षा असताना पण? नियमाने खोडी कोण काढतं रे?"

बाई पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. तक्ता तयार होता, नळीही आली होती. कार्यालयातल्या कुणी दोन बुटक्या स्तंभांबद्दल विचारलं नसतं, आणि विचारलंच असतं तर उत्तर पाठ होतं. कमी पावसाची वर्षं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी चौकशीला विचारलं.

"कोणीतरी मोजत असेल. आणि मोजणारा माणूस कुठेतरी लिहितोच, नाहीतर विसरेल ना. वही तुमच्या कपाटात. मग त्याने कुठे लिहिलं असेल?"

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. चौकशी, वकील आणि मागोमाग मामा जिन्याकडे निघाले.

गच्चीच्या दाराआधी जिना जरा रुंद होत होता. तिथे मोडकी बाकं होती आणि भिंतीला टेकून एक जुना, तडा गेलेला फळा. चौकशीने बाकांखाली पाहिलं, दाराची पाठ पाहिली, मग फळ्यामागच्या फटीत डोकं घालायचा प्रयत्न केला.

"मामा, हा सरकवायला मदत करता?"

"धूळ आहे नुसती," मामा म्हणाले. तरी पुढे झाले. फळा त्यांनी एकट्यानेच उचलून बाजूला ठेवला आणि मग गच्चीकडे पाहत उभे राहिले.

भिंतीवर शिसपेन्सिलीचे आकडे होते. तारीख, पुढे आकडा. तारीख, पुढे आकडा. चार रांगा, खाली उतरताना जराशा तिरक्या झालेल्या. बाईंनी शेवटची तारीख वाचली. कुलूप लावलं त्याच्या आदल्या दिवशीची.

"सगळे रविवार," चौकशी कुजबुजली.

वकील तिथेच पायरीवर बसून बेरीज करू लागला. "आठव्या वर्षीचे एकशे एकतीस. वहीत सातशे एकाहत्तर. म्हणजे नऊशे दोन. बाई! बुटका तर बाकीच्यांएवढाच निघाला!"

बाईंचं लक्ष नव्हतं. रविवारी शाळेच्या फाटकाची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

"मामा, बोलला का नाहीत?"

"काय बोलणार, बाई? कुलूप तुम्हीच लावलंत. म्हटलं, आपण नसता शहाणपणा केला आणि काहीतरी बिघडवलं."

"पण तुम्ही वर यायचात कशाला?"

मामांनी खांद्यावरचं फडकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "नवीनच लागलो होतो. तुमच्या वर्गाबाहेर माझं स्टूल. तुम्ही पोरांना सांगत होता, पाऊस रोज मोजायचा असतो. मी तसाही टाकी भरायला रविवारी यायचो. दोन जिने जास्त, एवढंच. वहीत लिहिलं असतं, पण वही कपाटात, आणि तिच्यात माझं अक्षर कशाला? म्हटलं, कधी लागले तर बाई विचारतील."

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, अक्षराला लागणार नाही असा. मग जुडग्यातली गच्चीची किल्ली काढू लागल्या. कडी घट्ट होती. दोनदा निसटली. निघाली तेव्हा त्यांनी ती मामांसमोर धरली.

मामांनी आधी हात फडक्याला पुसला, मग किल्ली घेतली.

"फळा परत लावू?"

"नको. असू दे बाजूला," बाई म्हणाल्या. "आणि ती नळी आज लागणार नाही. तक्ता नवा काढायचाय. शुक्रवार गेला तर जाऊ दे."

चौकशी मांडी घालून आकडे वहीत उतरवत होती. पहिली रांग भराभर संपली. मामा तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. थोड्या वेळाने खाकरले.

"पोरी, मधले मधले गाळलेस तू."

"ती शून्यं आहेत, मामा. बेरजेत काय फरक पडतो?"

"बेरजेत नाही पडत," मामा म्हणाले. "पण त्या रविवारीही मी आलो होतो."

चौकशीने वर बाईंकडे पाहिलं. मग पान उलटलं, आणि पहिल्या रविवारपासून पुन्हा सुरुवात केली.