भर दुपारी हलवलेल्या पेट्या

"आत्ता? भर दुपारी?" ताई म्हणाली. "निम्म्या मधमाश्या बाहेर गेल्यात. अंधार पडला की सगळ्या आत येतात, तेव्हा पेटी बंद करायची असते."

"तपासणी समिती चार वाजता येतेय. ती काय तुझ्या माश्यांसाठी थांबणार?" असं म्हणत भाऊजींनी पेट्यांची दारं चिकटपट्टीनं बंद केली.

आमचे हे भाऊजी म्हणजे जनुक बदललेल्या पिकांचे सुरक्षा अधिकारी. घरामागच्या कुंपणापलीकडे त्यांच्या संस्थेची तसली मोहरी फुलली होती. तिचा पराग बाहेर जाऊ नये म्हणून आसपास मधमाश्या पाळायच्या नाहीत, ही अट आंतरराष्ट्रीय नियमांवर बोट ठेवून त्यांनीच घातलेली. तिच्यावर ते देशोदेशी भाषणं ठोकत. बायकोच्या पेट्या मात्र वर्षानुवर्षं नाकासमोर होत्या आणि पाहुण्यांना मध वाटताना यांना कुठलीही अट आठवत नव्हती. आता तपासणीला येणाऱ्या याच समितीवर वर्णी लावायची होती, तेव्हा आठवली. मला त्यांची किळस आली.

ताईला नोकरी सोडायला लावून त्यांनी या आडबाजूला आणलं होतं. इथं तिचं स्वतःचं म्हणावं असं या पेट्यांखेरीज काही नव्हतं. त्या टेम्पोत चढल्या आणि दिराच्या शेतावर रवाना झाल्या.

संध्याकाळी भाऊजी शीळ घालत आले. "झालं काम! एक माशी तर समितीच्या डोळ्यांदेखत फुलावर बसली. म्हटलं, जंगली असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या!"

एवढी शिकलेली मंडळी, आणि नंदीबैलासारख्या माना डोलावून चहा पिऊन गेली.

"पेट्या परत कधी आणायच्या?" ताईनं विचारलं.

"परत? अगं, मी आता समितीवर जाणार. लोक काय म्हणतील? माश्याच त्या, तिकडे रमतील."

ताई मागच्या अंगणात गेली. मीही गेले. मागे राहिलेल्या माश्या रानातून परतल्या होत्या. पायांना पिवळाधमक पराग चिकटलेला. पेट्यांचे नुसते लोखंडी स्टँड उरले होते आणि त्यांच्यावर, जिथं दारं होती तिथंच, त्या हवेत घिरट्या घालत होत्या. काही दमून खाली पडल्या होत्या.

"अगं, चहा टाकतेस ना?" आतून हाक आली.

ताई घरात गेली. येताना तिनं पुठ्ठ्याचं एक खोकं आणलं, त्याला बोटानं भोक पाडलं, आणि पेटीच्या दाराच्या उंचीवर ते दोन्ही हातांत धरून ती तिथं उभी राहिली.