कवी नुमिसियसची मेणपाटी

मित्रांनो, बीच झाडाच्या लाकडाच्या दोन फळ्या, त्यांना बांधणारी चामड्याची वादी आणि आतल्या खळग्यात काळं मेण, एवढाच माझा देह. मी मेणपाटी आहे आणि आता फार थकले आहे. रोममधल्या एका सुताराने मला घडवलं. त्या दिवशी त्याने माझ्यासारख्या तीस पाट्या केल्या होत्या, त्यामुळे माझ्या जन्माचं कौतुक कुणालाच नव्हतं. अव्हेंटाइन टेकडीवर, कपडे धुणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नुमिसियस नावाच्या कवीने मला घरी आणलं.

दिवसभर तो लोखंडी लेखणीच्या टोकाने माझ्यावर लिही. संध्याकाळी त्याचा लेखनिक एपाफ्रा ते पपायरसच्या गुंडाळीवर उतरवून घेई. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच एपाफ्रा लेखणीच्या चपट्या बाजूने माझं मेण सपाट करी. एपाफ्रा पूर्वी गुलाम होता. नुमिसियसने त्याला मुक्त केलं, तरी तो घर सोडून गेला नाही. अठरा वर्षं हे असंच चाललं. पुसलेलं मला आठवत नाही. लिहिणाऱ्या हाताचा दाब तेवढा आठवतो.

नुमिसियसने धक्क्यावरच्या हमालांवर लिहिलं, मिठाच्या गाड्या ओढणाऱ्या खेचरांवर लिहिलं. पाहुण्यांना शिळे मासे वाढून स्वतः ताजे खाणाऱ्या श्रीमंतांची टिंगल केली. त्या टिंगलीचं शहरभर कौतुक झालं आणि त्याला येणारी जेवणाची आमंत्रणं बंद झाली. मग घरी रोज हरभरे शिजत.

त्याची मुलगी नुमिसिया लहान असताना विचारायची, "बाबा, खेचरावर सुद्धा कविता केलीत. माझ्यावर कधी?"

"खेचराची वाढ संपलीय. तू अजून वाढतेस, मापं कशी घेऊ?"

ती मोठी झाली, लग्न होऊन गेली, विधवा होऊन परत आली. आता ती तो प्रश्न हसत विचारी, पण विचारी जरूर.

त्या हिवाळ्यात नुमिसियस अंथरुणाला खिळला आणि तिच्यावरची कविता त्याने तेव्हा लिहायला घेतली. दोन दिवसांत सोळा ओळी झाल्या. एपाफ्राने त्या उतरवल्या, मुलीला वाचून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नुमिसियसने मला पुन्हा मागून घेतलं. त्याचा हात इतका हलका झाला होता की लेखणी मेणावर जेमतेम टेकत होती. तो खूप वेळ थांबून थांबून लिहीत राहिला.

"झाली?" एपाफ्राने विचारलं.

"शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. झाली आता. तिला संध्याकाळी मीच वाचून दाखवेन. तू आधी डोकावू नकोस."

एपाफ्राने न वाचता मला मिटलं आणि वादी बांधली. त्याच दिवशी दुपारी नुमिसियस गेला. मुलीने रिवाजाप्रमाणे त्याला तीनदा नावाने हाक मारली आणि त्याचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर त्याला अग्नी दिला. घर झाडून काढलं. मी खिडकीत तशीच मिटलेली होते.

त्यानंतरच्या पहाटे एपाफ्रा उठला. अठरा वर्षं करत आला तेच त्याने केलं. वादी सोडली, लेखणी उलटी धरली आणि माझं मेण सपाट केलं. शेवटचा कोपरा गुळगुळीत झाल्यावर त्याचा हात थांबला.

नुमिसिया आत आली तेव्हा तो मला मांडीवर घेऊन बसला होता.

"बाई, मला घराबाहेर काढा."

"काय झालं?"

"तुमच्या चार ओळी होत्या यात. मी पुसल्या."

ती त्याच्याशेजारी बसली. "वाचल्या होत्यास?"

"नाही. डोकावू नकोस म्हणाले होते."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांचं ऐकलं नसतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तिने माझ्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

ट्रेबियस हा नुमिसियसचा जुना मित्र, स्वतःही थोड्या कविता करणारा. तो म्हणाला, "मी जुळवून देतो चार ओळी. त्याची ढब मला पाठ आहे. कुणाला कळणार?"

"मला कळेल, काका."

"अगं, नवव्या दिवसाच्या जेवणाला अपुरी कविता लोकांपुढे वाचणार? हसतील."

"हसू देत. लोकांना हसवणं तर बाबांना आवडायचंच."

मृत्यूनंतरच्या नवव्या दिवशी रिवाजाचं जेवण झालं, आणि एपाफ्रा गुंडाळी घेऊन उभा राहिला. सोळा ओळी त्याने नीट वाचल्या. पुढे नुमिसियाने चार ओळींची जागा कोरी ठेवायला लावली होती. तो गप्प उभा राहिला. चार ओळी वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ. कुणी पेला खाली ठेवला नाही. ट्रेबियसने मान खाली घातली. मग एपाफ्राने गुंडाळी मिटून नुमिसियाच्या हातात दिली आणि ती त्याला म्हणाली, "बस आता. जेवून घे."

मित्रांनो, एपाफ्रा वाईट नव्हता. मला त्याच्याइतकं कुणी जपलं नाही. त्याचा हात फक्त सवयीने चालला. तुमच्या घरात आजारी माणसाने काही लिहून ठेवलं असेल, तर आवराआवर करण्याआधी ते उघडा आणि वाचा. त्याने नको म्हटलं असलं, तरी वाचा.