दोन दारांमधला बाक

मी बाक बोलतोय. माझं एक टोक साहित्य विभागाच्या दाराशी, दुसरं मानसशास्त्राच्या. माहितीपुस्तिकेत छापलंय की हे दोन विभाग मिळून 'साहित्य आणि मनोविश्लेषण' शिकवतात. छापायला काय जातं! दोघांना जोडणारं इथे काही असेल, तर ते लाकडी आहे आणि त्याला चार पाय आहेत.

सुताराने मला घडवलं ग्रंथालयासाठी. तिथल्या दारातून मी आत जाईना, म्हणून 'तात्पुरता' इथे टेकवला. तो आजतागायत इथेच.

हा विषय शिकवणारे एक सर होते. कथेतली आई नेमकं धाकट्याचंच नाव का विसरते, यावर माझ्यावर बसून मुलांशी तासन्‌तास भांडायचे. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अभ्यासक्रमाचं नाव तेवढं राहिलं, कारण नावाला पगार द्यावा लागत नाही.

परवा एक मुलगी आली, आईला घेऊन. ती हेल्पलाइनवर खचलेल्या माणसांचे फोन घेते. माणसं तीच गोष्ट पुन्हा सांगताना एखादा तपशील बदलतात, तो का, हे तिला शिकायचंय. साहित्यवाले म्हणाले, "मनोविश्लेषण? शेजारी विचारा." शेजारी म्हणाले, "ते जुनं प्रकरण आम्ही शिकवत नाही. साहित्यात बघा."

"अगं, एवढं मोठं नाव आहे, घे की प्रवेश," आई म्हणाली. "ते दुसरं कॉलेज म्हणजे किराणा दुकानावरच्या दोन खोल्या!"

"तिथे हा विषय शिकवणाऱ्या बाई स्वतः रुग्ण बघतात, आई. त्यांनी मला एक कथा वाचायला दिली आणि विचारलं, कंटाळा कुठे आला? मार्क नाही विचारले."

तेवढ्यात साहित्य विभागातून एक संशोधक विद्यार्थी बाहेर आला. तिने त्याला गाठलं. "दादा, इथे मनोविश्लेषण कोण शिकवतं?"

तो हसला. "तिसरं वर्ष आहे माझं. तुला कळलं तर मलाही सांग."

ती थेट साहित्याच्या विभागप्रमुखांसमोर जाऊन उभी राहिली. दार उघडंच होतं.

"आवड असली की माणूस आपला आपण वाचतो," प्रमुख म्हणाले.

"वाचतेच, सर. पण चुकीचं वाचतेय, हे मला सांगणार कोण?"

त्यांनी चष्मा पुसला. "प्रवेशाचा आज शेवटचा दिवस आहे, हं."

"म्हणूनच आज विचारलं."

ती बाहेर आली. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चल आई, दुकानावरच्या खोल्यांत."

"आणि कुठे शिकतेस म्हणून लोकांनी विचारलं तर?"

"कुणाकडे शिकते, ते सांगू."

आई माझ्यावरून उठली. मग पर्स उचलत म्हणाली, "बरं. येताना किराणा तरी आणत जा."

आता मला रंग देणार आहेत म्हणे, पुस्तिकेतल्या फोटोसाठी. द्या. पण पोरांनो, फोटोवर भाळू नका. आत जाण्याआधी इथे बसा, बाहेर येणाऱ्याला अडवा आणि विचारा, तुला शिकवतं कोण? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. मी झिजलोय, पण तिघांचं वजन अजून सहज पेलतो.