विश्वंभर गुरुजींच्या गालांवरील लाली

वाचकहो, एका निर्व्यसनी मनुष्याच्या लाल गालांची आणि त्या लालीवर चढविलेल्या हिरव्या लेपाची हकीकत पुढील ओळींत यथामती निवेदन करण्यात येत आहे. विषय लहान आहे, परंतु ज्याच्या वाट्यास तो आला त्यास तो लहान नव्हता, एवढे ध्यानी धरून वाचावे, ही विनंती.

कळमनुरी येथील एका महादेव मंदिरात विश्वंभर गुरुजी पिढीजात पूजा करीत असत. मद्याचा थेंबही त्यांनी जन्मात ओठास लावला नव्हता. तथापि त्यांचे नाक व दोन्ही गाल सदैव तांबडेलाल असत, जणू नुकतेच कोणी चोळून काढले आहेत. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, हा कातडीचा विकार आहे. ऊन, तिखट व गरम चहा यांनी तो वाढतो. जिवास धोका नाही, पण मुळापासून जाणारही नाही. आता ही गोष्ट गुरुजींनी रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला थांबवून कशी सांगावी? लोक बघत, आपसांत हसत, आणि गुरुजी मान खाली घालून पुढे जात. वर्षानुवर्षे मान खाली घालून त्यांची मान खरोखरच थकली होती.

लोकांचे हसणे त्यांनी सोसले असते. परंतु गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या लेकीला, जान्हवीला, पाहावयास आलेली मंडळी चहा अर्धा टाकून उठली, आणि दारातच त्यांच्यापैकी एकजण बोलला, "सकाळीच लावून बसला की बाप!" तो शब्द त्यांच्या काळजात रुतला तो रुतलाच. आपल्या चेहऱ्यापायी लेकीचे लग्न अडणार, ही भीती त्यांना झोपू देईना.

यंदा पुसेगावची मंडळी येणार होती. जान्हवीने ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता आणि ती गावातल्या नवऱ्या मुलींना सजवीत असे. पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी तिने वडिलांना खिडकीपाशी बसविले.

"बाबा, हलू नका. हे प्रायमर आहे."

"हिरवं काहून आहे हे? मला पोपट करून राहिली का तू?"

"हिरवा रंग लालीला मारतो. थोडंसंच लावायचं, जिथं लाल आहे तिथंच. अन् चोळायचं न्हाई, नुसतं थापायचं. चोळलं की अजून लाल होतं."

तिने बोटाच्या टोकांनी गालांवर व नाकावर हलकेच थापटले, थोडा वेळ सुकू दिले आणि मग त्यांच्या वर्णाचे फाउंडेशन ओल्या स्पंजने टिपत टिपत लावले. आरशात गुरुजींना एक सावळा, शांत, अनोळखी गृहस्थ दिसला. जान्हवीची आई दारातून म्हणाली, "अगं बाई! लग्नात असे होते हे." गुरुजी हसले नाहीत. त्यांना आपलाच चेहरा उसना आणल्यासारखा वाटत होता.

पाहुणे आले. मुलगा पुष्कर, त्याची आई गंगूताई आणि चुलते रामप्रसाद. पोहे झाले, जान्हवी बाहेर येऊन बसली, चार प्रश्न विचारले गेले. गुरुजींच्या चेहऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. सर्व सुरळीत चालले असता रामप्रसाद मांडीवर थाप मारून म्हणाले, "गुरुजी, महादेवाच्या दारात आलोच आहोत, तर तुमच्या हातचा अभिषेक करूनच जेवायला बसू. काय वहिनी?"

"बराबर बोलले भावजी," गंगूताई म्हणाल्या.

घरच्या साऱ्या तयारीत ही एक गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. पुजाऱ्याच्या घरी आलेला पाहुणा अभिषेक मागणारच, आणि स्नान करून सोवळे नेसल्यावाचून गुरुजी गाभाऱ्यात पाऊल टाकीत नसत.

मागील अंगणात जान्हवी कुजबुजली, "बाबा, गळ्याखालून अंघोळ करा. कोणाला कळतंय?"

गुरुजींनी बादलीत तांब्या बुडविला. मग म्हणाले, "माणसांपुढं नेलं हे तोंड, पोरी. देवापुढं न्हाई नेणार."

"अन् हे लोक उठून गेले तर?"

"मी थकलो गं," एवढेच ते बोलले.

जान्हवी आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "नुसत्या पाण्यानं न्हाई निघायचं ते. आधी तेल लावा."

तेलाने व मग बेसनाने चोळता चोळता लेप निघाला खरा, परंतु त्या चोळण्याने गाल पूर्वीहूनही अधिक पेटले. तशाच चेहऱ्याने गुरुजींनी सोवळे नेसले, गाभाऱ्यातल्या समईच्या उबेत बसून अभिषेक सांगितला आणि तीर्थाची पळी घेऊन बाहेर आले. गंगूताईंनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"गुरुजी, मघाशी बैठकीत तुमी असे नव्हते."

"ताई, हाच माझा चेहरा. मघाचा पोरीनं हिरवा लेप लावून केलेला होता. कातडीची तकलीफ आहे. पीत न्हाई मी."

"सगळेच असं म्हणतात, गुरुजी," रामप्रसाद बाजूने बोलले.

"मग झाकलं काहून?" गंगूताईंनी विचारले.

"मागचे पाहुणे चहा टाकून उठले होते."

गंगूताईंनी तीर्थ घेतले, ओला हात मस्तकावरून फिरविला आणि पायऱ्या उतरल्या. त्यांच्या मनात काय आहे, हे गुरुजींना कळेना.

जेवणे झाली. गुरुजींनी आग्रहाने वाढले, स्वतः चार घास खाल्ले, आणि विडा देण्यासाठी म्हणून भिंतीला टेकून बसले. परंतु कित्येक रात्रींचे जागरण त्यांच्या पापण्यांवर उतरले. पाहुण्यांच्या देखतच त्यांची मान कलली, तोंड उघडे पडले, आणि दारातून येणाऱ्या उन्हात ते लाल गाल अधिकच लाल दिसू लागले.

रामप्रसाद वाकून म्हणाले, "वहिनी, बघा. भर दुपारी कसा आडवा झाला माणूस. अजून काय पुरावा पाहिजे?"

जान्हवी वडिलांना हलवावयास धावली. गंगूताईंनी तिचे मनगट धरले.

"न्हाई, उठवू नको. भावजी, तुमी हळू बोला. तीर्थ घेताना मी यांच्या तोंडासमोर उभी होते. दुधाचा अन् कापराचा वास आला, दुसरा न्हाई. थकला आहे तो माणूस. तुमाला थकलेला माणूस ओळखू येत न्हाई व्हय?"

रामप्रसादांनी सुपारी तोंडात टाकली. पुष्करने हळूच जान्हवीला विचारले, "हिरव्यानं लाल खरंच झाकतं का?" आणि ती रडता रडता हसली.

"बाबा जागे झाले की सांग," गंगूताई पदर सावरीत म्हणाल्या, "आमच्याकडून पक्कं आहे. बाकीचं ते पुसेगावला आले की बोलू."

मंडळी चपला हातात घेऊन अंगण ओलांडून गेली. जान्हवीने दारावरचा पडदा ओढून गुरुजींच्या चेहऱ्यावरचे ऊन अडविले. गुरुजी झोपलेच होते.

येथवर ज्यांनी आपला अमूल्य वेळ देऊन वाचले, त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
भावसिंग राठोड
मु. वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली