अठरा तबकड्यांचं थोरलं घड्याळ

मी घड्याळ बोलतोय. तुमच्या मनगटावरचं नव्हे, राजाजीनगरच्या कारखान्यातलं, हजेरीच्या खोलीतलं थोरलं घड्याळ. शेडमधल्या अठरा तबकड्या माझ्या तारेला बांधलेल्या. दर अर्ध्या मिनिटाला मी तारेतून एक ठोका पाठवतो, की अठरांचे काटे एकदम सरकतात. त्यांना स्वतःचं डोकं नाही. मी सांगेन ती वेळ.

सत्तावन्न साली विलायतेहून भुशाच्या पेटीत आलो. उमाकांत नावाच्या पुण्याच्या वायरमननं मला भिंतीवर चढवलं. रोज सकाळी रेडिओवरचे ठोके ऐकून तो मला जुळवायचा. खोली फाटकालगत, त्यामुळे कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सासू रुसली, सगळं माझ्या कानावर. आणि खरं सांगू? मला ते ऐकायला आवडतं.

एकसष्टच्या जुलैत एका रविवारी माझी बॅटरी उतरली नि मी थांबलो. रेडिओही दुरुस्तीला गेलेला. सोमवारी उमाकांतनं आपलं मनगटी घड्याळ बघून मला चालू केलं.

त्या सकाळी एकवीस जण उशिरा ठरले. त्यात नागनाथ, निपाणीकडचा, लेथवर टेंपररी. महिन्यातली त्याची ही तिसरी लाल फुली. टेंपररी माणसाचं तिसऱ्या फुलीला नाव कमी, असा नियम.

"साहेब, रेल्वेफाटकावर रोजचीच गाडी रोजच्याच जागी भेटली की हो! मी उशिरा कसा?"

"मग गाडी उशिरा असेल," हजेरीवाले विश्वासराव म्हणाले. "अठरा घड्याळं एकच सांगतात. ती काय ठरवून खोटं बोलतात?"

मलाही ते पटलं. नागनाथ कामावरून कमी केल्याच्या चिठ्ठीची वाट पाहत बाकावर बसला.

दुपारी उमाकांतची बायको प्रतिमा त्याचा विसरलेला डबा घेऊन आली. मला पाहून हसली नि विश्वासरावांना म्हणाली, "बाराला निघाले, वीस मिनिटं चालले, इथेही बारा वीस! म्हणजे तुमचंही दहा मिनिटं पुढे का हो? आमच्या घरचं गेल्या आठवड्यात मीच केलंय. नाहीतर यांची आंघोळ आटपत नाही."

उमाकांतचा हात डब्यावरच राहिला. पहाटे बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यानं घरच्याच घड्याळाला लावलं होतं.

त्या महिन्यात त्याची बढती ठरायची होती. माझे काटे गुपचूप मागे घेता आले असते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाकाकडे.

"विश्वासराव, नागनाथची फुली खोडा. माझ्या नावावर घाला."

सगळं ऐकून विश्वासराव म्हणाले, "म्हणजे आज अख्खा कारखाना वहिनींच्या हुकमावर चालला!" एकवीसही फुल्या त्यांनी खोडल्या. उमाकांतची बढती मात्र वर्षभर लांबली.

आता अडुसष्ट साल. माझ्या पेटीचं पॉलिश उडालंय. नवं घड्याळ येणार म्हणतात. नागनाथ केव्हाच कायम झाला. सकाळी रेडिओला कान लावून तोच मला जुळवतो. आयुधपूजेला लेथच्या आधी माझ्या काचेवर कुंकू लावतो.

"काय नागनाथ, बरोबर आहे ना?" उमाकांत जाताजाता विचारतो.

"सरी, अगदी बरोबर आहे, साहेब. वहिनींचं नाही, रेडिओचं लावलंय!"

घरचं घड्याळ तुम्ही खुशाल पुढे ठेवा. आपल्या माणसाला वेळेवर धाडायला ते बरंच. पण ज्याच्या ठोक्यावर अठरा तबकड्या हलतात, त्याला रोज एकदा तपासा. बाकावर कोणीतरी बसलेलं असतं.