माझा चौथा जिना

त्या आठवड्यात माझा एकच जिना रोज दुपारी कोसळत असे. त्याच मापाचे, त्याच ढिगातल्या विटांचे बाकीचे तीन जिने जागचे हलत नसत. जिना पडे त्या वेळी घरात फक्त आजोबा असत.

मित्रांनो, मी एक जुने मंदिर आहे. निदान मला पाहायला येणारे तसे म्हणतात. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून ‘किती प्राचीन!’ असे उद्गारतात, तेव्हा मला त्यांची कीव येते. मध्य अमेरिकेतल्या ज्या प्राचीन माया लोकांच्या मंदिराची मी नक्कल आहे, त्यांनी चुनखडीचे दगड फोडले, घासले आणि माणसांच्या पाठीवरून वाहून नेले. मी प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटांचे आहे. शेजाऱ्यांची मुले मोठी झाली, त्यांच्या माळ्यावरची विटांची पेटी या घरात आली, विटा धुऊन निघाल्या आणि त्यांच्यातून मी झाले. माझ्या प्रत्येक विटेच्या माथ्यावर खुंट्या आहेत आणि पोटात खळगे. खुंटी खळग्यात घट्ट बसते, एवढाच माझ्या भव्यतेचा आधार.

माझा आराखडा आजोबांनी काढला. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता त्यांचा हात थरथरे. चहाची बशी वाजे, सही वाकडी होई. हे मी नाकारत नाही. विटा लावण्याचे काम त्यांच्या नातीचे. ती फार टोकदार प्रश्न विचारते म्हणून आजोबा तिला टाचणी म्हणत. दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर दोघांनी मला पायरीपायरीने उभे केले. चार बाजूंना चार जिने, माथ्यावर गाभारा. कौतुक झाले, फोटो निघाले. मग चौथा जिना कोसळला आणि त्या घरातल्या मोठ्या माणसांची बुद्धी मला जवळून पाहायला मिळाली.

टाचणी रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पडलेल्या विटांचा जिना पुन्हा बसवी. सगळे आपापल्या कामाला जात. दुपारी जिना खाली आलेला असे.

पहिले निदान मामांनी केले. “या मंदिरांना शाप असतो. नक्कलसुद्धा करू नये,” ते सोफ्यावर पाय घेत म्हणाले. “आणि मुळात त्या लोकांना हे बांधता येणं शक्यच नव्हतं. वरून कुणीतरी आलं होतं.”

“वरून म्हणजे कुठून, मामा?” टाचणीने विचारले.

“आकाशातून!”

“मग त्यांनी जिने कशाला केले?”

मामांनी वर्तमानपत्र उघडले. ज्या गृहस्थांना भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यांना इतरांच्या हातूनही काही उभे राहत नसावे असे वाटते. त्यांच्यावर याहून अधिक शब्द खर्च करणे मला परवडत नाही.

बाबांचे मत जरा बरे होते. जिन्यावर खिडकीतले ऊन येते, त्याने प्लॅस्टिक सैल पडत असेल, असे ते म्हणाले. टाचणीने मला फिरवून दुसरा जिना खिडकीकडे केला. सावलीत गेलेला चौथा जिना दुपारी पुन्हा पडला.

“म्हणजे ऊन नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी आजोबांकडे पाहिले.

मित्रांनो, ही पद्धत नीट पाहून ठेवा. एक शक्यता खोटी ठरली की हाताशी उरलेली दुसरी आपोआप खरी ठरते, असे सुशिक्षित माणसांना वाटते. तिसरी असू शकते हे शोधायला डोके लागते, आणि त्यांना ते जेवणापूर्वी नको असते.

आत्याला तर कसलीच शंका नव्हती. ती निवृत्त परिचारिका, अजूनही दिवसा एका दवाखान्यात मदतीला जाई. “दादा, मी असे किती पेशंट पाहिलेत,” ती बाबांना म्हणाली. “हात लागतो, वस्तू पडते आणि नंतर आठवत नाही. आज जिना पाडलाय, उद्या गॅस उघडा ठेवतील. त्यांना घरात एकटं ठेवायचं नाही. चांगला वृद्धाश्रम बघू या.”

“अगं, मी इथंच बसलोय,” आजोबा म्हणाले.

“तुमच्या भल्यासाठीच बोलतेय ना!”

“मी त्या मंदिराला हात लावत नाही गं.”

“तुम्हाला तसं वाटतं.”

या वाक्यावर कोणताही पुरावा चालत नाही. म्हणूनच ते मला या घरातले सर्वांत हलक्या दर्जाचे वाक्य वाटते. आणि त्याने काम केले. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्यासमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. जिना पडला. त्यांनी हात बाहेर काढून उलटसुलट पाहिले. टाचणी शाळेतून आली तेव्हा ते म्हणाले, “असेल बाळा. माझाच हात लागला असेल.”

“तुम्हाला आठवतंय?”

“नाही. पण सगळेच म्हणतायत.”

“सगळे म्हणतायत, म्हणून काय झालं!” टाचणी ओरडली. त्या घरात इतके शुद्ध तर्कशास्त्र मी पहिल्यांदाच ऐकले.

सुटीच्या दिवशी सगळे मिळून वृद्धाश्रम पाहायला निघाले. निघण्यापूर्वी टाचणीने चौथा जिना अखंड उचलून समोरच्या बाजूला लावला आणि तिथला जिना याच्या जागी आणला. घराला कुलूप लागले. दुपारी चौथा जिना नव्या जागेवरून पडला. मी साक्षीदार होते, पण मला कोण विचारतो?

परत आल्यावर बाबांनी चपला काढता काढताच तो पाहिला.

“मांजर आलं असेल,” आत्या म्हणाली.

“खिडक्या बंद होत्या, आत्या. आणि आजोबा तुझ्या शेजारी बसले होते.”

टाचणीने पडलेल्या विटा टेबलाच्या काचेवर एकेक करून मांडल्या आणि बोटाने दाबल्या. त्या डुगडुगल्या. दुसऱ्या जिन्याच्या विटा सपाट बसल्या.

“या विटा धुतल्या कुणी?”

“मी,” आत्या ताठ बसून म्हणाली. “कुणाची कोण मुलं तोंडात घालत असतील. पातेलं भरून पहिला घाणा चांगला खळखळ उकळला. तेवढ्यात गॅस संपला, म्हणून बाकीच्या वहिनीने नळाखाली धुतल्या. मी म्हटलंही होतं, असं धुणं म्हणजे न धुतल्यासारखंच.”

टाचणीने त्या सपाट बसलेल्यांतल्या मूठभर विटा घेतल्या, आईला जवळ उभे करून पातेल्यात उकळल्या आणि गार करून पुन्हा काचेवर मांडल्या. त्याही डुगडुगल्या. आत्याने त्या स्वतः दाबून पाहिल्या. नंतर ती पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबांनी वृद्धाश्रमाला फोन करून जागा नको म्हणून कळवले. आजोबांची माफी मात्र कोणी मागितली नाही. ‘झालं गेलं’ हा शब्दप्रयोग अशा वेळी फार स्वस्तात मिळतो.

मित्रांनो, विटा धुवायच्या असतील तर कोमट पाण्यात धुवा. आणि घरात काही पडले, तर पडलेली वस्तू आधी उचलून पाहा. माणसाकडे नंतर पाहा.

कारण एवढेच होते. उकळत्या पाण्यात पहिल्या घाण्यातल्या विटा किंचित वाकल्या. सुकल्यावर त्या पेटीच्या तळाशी गेल्या, म्हणून सर्वांत शेवटी चौथ्या जिन्यात लागल्या. त्यांची सैल पकड सकाळी बसवलेला जिना दुपारपर्यंतच धरू शकत असे. जिना पडण्याचे कारण उकळते पाणी. ते सापडायला आठवडा लागण्याचे कारण, दोष ठेवायला घरात एक म्हातारा माणूस तयारच होता.